रडगाण्यांची यादी मी पुसली

आमच्या मुलुंडच्या घरात आठ महिने बाप-लेकीचा अबोला होता. दोष सगळ्यांनी बापाला, म्हणजे माझ्या मुलाला दिला. मी ऐकून घेतलं. आता खरं काय ते लिहितो.

नात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. अभ्यासाला बसली की फोनवर उदास गाणी. कोणी सोडून गेलंय, कोणी वाट बघतंय, सुखी माणूस औषधालाही नाही. दोन खोल्यांत जाणार कुठे? डोकं उठायचं.

"अगं, मयताला बसल्यासारखं वाटतं. जरा नाचाची गाणी लाव की."

"आजोबा, त्यांनी धडधडतं मला. ह्यांनी शांत वाटतं ना!"

म्हणे शांत! मुलगाही वैतागायचा. "एक दिवस ही रडगाणी उडवूनच टाकतो बघ!"

तो नुसता बोलला. उडवली मी. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती आंघोळीला गेली, फोन उघडा होता. तिने तीन वर्षं जमवलेली यादी पुसली आणि तिच्या जागी कोळीगीतं भरली. हे करायचं कसं, ते तिनेच मला शिकवलं होतं. वाटलं, पोरगी हसेल.

अभ्यासाला बसली आणि कोळीगीत वाजलं. ती बापाकडे बघून म्हणाली, "पप्पा, आजच?" तो शपथा घेत राहिला. मी पेपरात तोंड घालून बसलो.

एका विषयात केटी लागली. तो पेपर पुन्हा द्यायचा होता. या वेळी ती गाण्यांशिवाय अभ्यासाला बसली, पाय सारखा हलवत. मुलगा चहा घेऊन दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला. बायको गेल्यावर वर्षभर मी एकच भैरवी लावत होतो. मला कोणी नाच म्हणालं नव्हतं. हे तेव्हा सुचलं, आधी का नाही, याचाच संताप येतो.

जेवताना सांगून टाकलं. मुलगा ताटावरून उठला. माझ्याशी अजून मोजकंच बोलतो; ते बरोबरच आहे. नात त्याच्यामागे गॅलरीत गेली. बराच वेळ दोघं तिथे होती.

परत येऊन तिने फोन माझ्यापुढे आपटला. "मी गुणगुणते, तुम्ही शोधा. सगळी."

रोज दुपारी शोधतो आहे. एकशे चाळीसपैकी साठ सापडली. सगळी भयंकर आहेत.