अकरा हातांची भिंत

चिकलठाण्याच्या विमानतळावर मला सोडायला एकटे बाबाच आले होते. आत जाताना म्हणाले, "परत यायची घाई करू नको. इथं तुझं तोंड बघायला कुणी तयार नाय." त्या 'कुणी'त आईसुद्धा होती.

बजाजनगरच्या कामगार वस्तीतल्या माणसांनो, आणि माझ्यासारखं घर सोडून गेलेल्यांनो, मी हौसेनं परदेशी आले नाही. मला हाकललं, आणि हाकलण्यासारखंच मी वागले होते.

आमच्याकडं कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बोटं जातात. माल लवकर निघावा म्हणून साहेब मशीनची सेफ्टी बंद करायला लावतात आणि बोट गेलं की 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून मोकळे होतात. पुढारी मतं मागायला येतात, त्या हातांबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. मी चित्रं काढणारी, माझं डोकं फिरलं. नव्या घराच्या भिंतीवर बायका कुंकवाचे हात उमटवतात, तसे मी कंपनीसमोरच्या भिंतीवर अकरा कामगारांचे लाल हात उमटवून घेतले. कुणाची तीन बोटं, कुणाची दोन. नावं मुद्दाम लिहिली नाहीत. वाटलं, नाव नाही तर धोकाही नाही.

काय अक्कल माझी! कुणाचं कुठलं बोट गेलंय हे सुपरवायझरला तोंडपाठ होतं. त्यानं भिंतीसमोर उभं राहून एकेक हात ओळखला. आठवड्याभरात अकराही जणांना काढलं. त्यांत बाबा होते, शेजारच्या सुमनकाकूंचा नवराही होता. काकू आमच्या दारात येऊन ओरडल्या, "तुझं चित्र झालं, आमची चूल इझली!"

त्या भिंतीचा फोटो बघून बर्लिनच्या ज्या गॅलरीनं मला बोलावलं, तिथं आता तो मोठा करून लागलाय. ओपनिंगला लोक वाईनचा ग्लास हातात घेऊन मला 'ब्रेव्ह' म्हणाले. संताप झाला नुसता. बोटं त्यांची गेली, नोकऱ्या त्यांच्या गेल्या आणि ब्रेव्ह मी.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना तो फोटो दाखवला. खालच्या पाटीवर काय लिहिलंय, त्यांनी विचारलं.

"अज्ञात कामगार," मी वाचलं.

"तिथं तर आमाला कामावरून काढणारं कुणी नाय. तिथं नावं लिवायला काय झालं व्हतं?"

मी म्हटलं, ज्यांची हरकत नाही त्यांची नावं लिहिते. मग बाबाच घरोघर विचारून आले. दहा नावं मिळाली. सुमनकाकूंनी नवऱ्याचं नाव द्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, "तिला आता आमच्याकडून कायबी मिळणार नाय."

पाटीवर दहा नावं आहेत आणि अकरावी ओळ मोकळी आहे. इथले लोक मला मान देतात, कारण त्यांना माझं काहीच माहीत नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता सुमनकाकू. त्या मला पुरतं ओळखतात, आणि माफ करत नाहीत.