मोठ्या दिरांसमोर

छातीचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केसही परत आले. मग रोज एक गोळी, ती वर्षानुवर्षं घ्यायची. बाईच्या अंगातलं हार्मोन त्या गोळीने कमी करायचं, कारण माझी गाठ त्याच्यावरच पोसली होती. हार्मोन कमी झालं आणि खाली सगळं कोरडं पडलं. लघवीला आग, स्कूटरवर बसले की आग आणि नवऱ्याजवळ गेले की डोळ्यांत पाणी. त्याला वाटलं, तो मला नकोसा झालाय. पनवेलजवळ विचुंब्याच्या नव्या फ्लॅटमध्ये तो टीव्हीचं निमित्त करून हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागला. मला तो परत आत हवा होता, एवढंच.

पनवेलच्या लेडी डॉक्टरांनी आतून लावायचं क्रीम लिहून दिलं. तेही हार्मोनचंच, पण अगदी कमी. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडायचंही नाही, असं बजावलं. मी ती ट्यूब साड्यांखाली ठेवली.

विचारणार कशी? आमच्यात बाई मोठ्या दवाखान्यात एकटी जात नाही. नवऱ्याला सुट्टी मिळायची नाही, म्हणून मुंबईला मोठे दीर न्यायचे, त्यांच्या गाडीतून. माणूस सोन्यासारखा. पण ज्यांच्यासमोर मी अजून डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ते डॉक्टरांपुढे माझ्या शेजारच्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसायचे. डॉक्टर विचारायचे, काही त्रास? माझ्याआधी तेच म्हणायचे, "नाय, आता काय त्रास नाय." मी मान हलवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! कितीतरी तपासण्या अशाच गेल्या.

एकदा ते गाडी काढायला पुढे गेले, तेव्हा पर्स राहिली म्हणून मी मागे फिरले आणि उभ्या उभ्या विचारून टाकलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "क्रीममधलं थोडं रक्तात जातं. त्याने आजार उलटेलच असं नाही. पण तुमच्या गोळीबरोबर ते सुरक्षित आहे, असं मी खात्रीने सांगू शकत नाही." आधी बिनहार्मोनचं जेल वापरून बघा, म्हणाले.

वापरलं. स्कूटरवरची आग कमी झाली, नवऱ्याजवळची नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांच्या होकाराशिवाय लेडी डॉक्टर क्रीम लावू देईनात, आणि ते होकार देईनात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघंही खरं तेच बोलत होते.

शेवटी ट्यूब नवऱ्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तू नकोसा झालेला नाहीस, दुखतं म्हणून रडते. तू म्हणशील तर धोका पत्करून लावते, असंही म्हणाले. त्याने ट्यूब हातात घेतली.

"तू हायस ना," तो म्हणाला, "मंग बास. मला दुसरा काय नको."

ट्यूब त्याने स्वतः कचऱ्यात टाकली. मनावरचं ओझं उतरल्यासारखा दिसला. मग उशी उचलून हॉलमधल्या दिवाणावर झोपायला गेला. त्या रात्री त्याने टीव्ही लावलाच नाही.