कोणाचं सुतक

आमचे आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून मुलुंडला आले तेव्हा मी सातवीत होते. संपात बाबांची गिरणी बंद पडली होती, ती कायमचीच. मुलुंडच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली आणि आम्ही परळ सोडून इथे भाड्याने राहायला आलो. खोली हवेशीर, घरात नळ, शेजार सज्जन. घरमालक खालीच राहायचे. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली, "बाकी काय पण करा, बस घरात मच्छी नाय." बाबा लगेच हो म्हणाले. गरजवंताला अक्कल नसते.

तेव्हापासून आम्ही मासे खायला गोरेगावला मावशीकडे जायचो आणि निघताना लिंबाने हात चोळायचो. मला त्या लिंबाचा राग यायचा. अजूनही येतो.

आजोबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी येताना आमच्यासाठी सुके बांगडे आणले होते. आईने ते पिशवीवर पिशवी चढवून माळ्यावर टाकले. ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं, पण पट्टी दोन्ही डोळ्यांवर बांधून त्यांना घरी पाठवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकायचं नाही, शिंकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. टाका उसवला तर डोळा जाईल. ठसका लागू नये म्हणून आईने फोडणी बंद केली. नुसतं वरण, मऊ भात, वर थोडं तूप.

काही दिवस ते गप जेवले. मग घास कमी होत गेले. एका दुपारी त्यांनी चाचपडत ताट बाजूला सारलं.

"कोण गेलो?" त्यांनी विचारलं.

आईला काही कळेना.

"माका फसवू नको गे. घरात मासो नाय, फोडणी नाय. कोणाचा सुतक पाळतास?"

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की तेराव्यापर्यंत असंच जेवतात. दिसत नव्हतं, म्हणून आजोबा चवीवरून घर ओळखत होते, आणि घर त्यांनी चुकीचं ओळखलं होतं. माझे काका बोटीवर नोकरीला होते. बरेच दिवस त्यांची काही खबर नव्हती.

"धाकटो गेलो मां माझो?" आजोबा म्हणाले.

आईने सासऱ्यांच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली. "मामांनू, भावजी सुखरूप आसत." ते नुसती मान हलवत राहिले. लपवणारी माणसं असंच बोलतात, हे एवढ्या वयात त्यांना ठाऊक होतं. पट्टीच्या कडेला ओल दिसली.

आई उठली. माळ्यावरचे बांगडे काढले, गॅस पेटवला. धुराने त्यांना ठसका लागायला नको म्हणून खिडकी सताड उघडली. म्हणजे वास थेट मालकांच्या घरात जाणार. बाबांची रात्रपाळी होती, ते घरीच होते. "अगो, वाट लागतली आपली," ते म्हणाले. "घर जातला."

"मगे डोळो जाऊ दे?" आई म्हणाली आणि तिने बांगडा आचेवर धरला.

वास खोलीभर झाला. आजोबांची मान वर झाली. सुतकाच्या घरात कोणी बांगडा भाजत नाही, त्यांना आणखी काही पटवायची गरजच उरली नाही. आईने तुकडा हातात दिला. भाताबरोबर त्यांनी तो सावकाश खाल्ला, काटे चोखून चोखून. "जिवंत आसा तर," ते स्वतःशीच म्हणाले. कुणाला जेवताना बघून मला पुन्हा कधी एवढं बरं वाटलेलं नाही.

हात धुवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मगे इतके दिस रांधूक नाय, तां कित्याक?"

"मालकाक चालणा नाय, आबा," बाबा म्हणाले.

खाली मालकांची खिडकी धाडकन बंद झाली. आजोबांनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग, मयताच्या घरी चौकशी करावी तशा हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि ह्यां सुतक किती दिस पाळूचा?"