खिळ्यावरच्या बांगड्या

खडवलीच्या त्या शेडमध्ये सगुणाचा दराराच तसा. यंत्रापाशी जाणारी प्रत्येक बाई आधी दाराजवळच्या खिळ्यावर बांगड्या अडकवणार, मगच पुढे! केळीच्या खोडाचे पदर सोलायचे, एकेक सोपट रुळांत अर्धं सारायचं नि झटक्यात मागे ओढायचं. गर खाली, वाख हातात. तोच वाख धुऊन, विंचरून, त्याचं सूत होऊन मागावर जातो. पण ओला वाख महाचिवट. कशात अडकला, तर तुटणार नाही, हातच आत नेणार.

आणि त्या दिवशी या सगुणाचीच जीभ लुळी पडली. रखमाबाईंची नवी सून संचिता कोपरापर्यंत हिरवा चुडा घालून यंत्रापुढे बसली.

"अगं, बांगड्या?"

"मावशी, आई म्हणाल्यात, वर्षाच्या आत चुडा उतरवायचा नाही."

सगुणानं तिथंच तिला उठवायला हवं होतं. पण ती विधवा. नव्या नवरीला हात मोकळे कर म्हणायचं तिनं? नवरा गेला तेव्हा बायकांनी दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या, तो आवाज अजून तिच्या कानात होता. तिनं सोपटं पोरीपुढे सरकवली. एवढी शहाणी बाई, पण माती खाल्लीच.

मात्र तिथून ती हलेना. नजर सारखी चुड्यावर.

पोरगी चटपटीत होती. पहिली सोपटं झकास निघाली. "सगुणाबाई, एवढं बघू नका, दृष्ट लागेल!" बाया हसल्या. तेवढ्यात वाखाची एक बट चुड्यात शिरली, बांगड्यांमागे अडकली, आणि रूळ हात ओढायला लागले.

"मावशी!"

बटण पलीकडच्या भिंतीला. तिथवर पोचेपर्यंत हात गेला असता. शेजारी खोडं ठेचायची मोगरी होती. सगुणानं ती उचलली नि चुड्यावर घातली. पुन्हा घातली. काचा उडाल्या, बट सुटली, हात मागे आला. रक्तानं माखलेला, पण पाची बोटं जागेवर.

कुणीतरी धावत जाऊन यंत्र बंद केलं. मागून एक बाई पुटपुटली, "अगं बाई गं! विधवेनं चुडा फोडला!"

सगुणाच्या हातातून मोगरी गळून पडली. पोरीचा हात वाचला म्हणून आनंद करावा, तर तिला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती शेड उघडायला आली ती शिव्या खायच्या तयारीनंच. दारात रखमाबाई उभ्या होत्या. ही बाई बोलायला लागली की अख्खी आळी खिडक्या लावून घ्यायची.

"वहिनी, माझं चुकलं. आधीच बोलायला हवं होतं मी," सगुणा म्हणाली.

रखमाबाई दारातून बाजूला झाल्या. सगुणानं कुलूप काढलं. रखमाबाई आत शिरल्या, भरल्या कपाळानं खिळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या हातातल्या बांगड्या एकेक करून त्यावर अडकवल्या.

"सुनेचा हात सुजलाय," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी आज मी बसते. दाखव, कसं ओढायचं ते."