मोशी ते घाट: जुन्या जीपला कोणता पंखा?

सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, मंगलचं स्वैपाकघर एकदा बघायचंय. न्यायला या."

मंगल, माझी बायको, जाऊन वर्ष होत आलं. सासूबाई राजगुरुनगरच्या पुढे, भीमाशंकर रस्त्यावरचा घाट चढून आत राहतात. वस्तीवर जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा असा, की वेगळ्या राहणाऱ्या माझ्या मुलाच्या गाडीचं पोट घासतं. म्हणजे माझी जुनी डिझेल जीपच न्यायला हवी. आणि नेमकं तिचंच पाणी चढावर उकळायला लागलेलं. बोनेट उघडलं तर रेडिएटर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या एका पात्याला चीर.

हा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा, लोखंडी. त्याची घरघर मोशीच्या आमच्या कोपऱ्यावरून थेट ओट्यापर्यंत जायची. ती ऐकली की मंगल चहाचं आधण ठेवायची. मी चपला काढेपर्यंत उकळी. एवढ्या संसारात 'चहा ठेव' असं मला कधी म्हणावंच लागलं नाही.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. शेजारचा सलीम गाड्यांची वायरिंग करतो. तो म्हणाला, "शेठ, इलेक्ट्रिक पंखा टाका. गरम झालं की आपोआप फिरणार, नाहीतर गप्प."

"आणि अल्टरनेटर? तो माझ्याएवढाच म्हातारा आहे."

"मग तर अजून खूप चालेल."

टाकला. तुम्हीही टाकणार असाल, तर आधी रेडिएटरची जाळी मापा, जाळी आणि वॉटर पंप यांच्यामधली जागा मापा, आणि पंखा मागून हवा ओढणारा की पुढून ढकलणारा, हे दुकानातच विचारून घ्या.

पहाटेच निघालो. चाकणचा चौक कंपन्यांच्या बस सुरू व्हायच्या आत ओलांडला तरच प्रवासाला प्रवास म्हणायचं. राजगुरुनगरला मिसळ खाल्ली. रस्सा जाळ, पाव ताजा. घाटात तापमानाचा काटा जागचा हलला नाही. जीप इतकी गुपचूप चढली, की झाडीतले पक्षी ऐकू येत होते. मला मात्र दुसऱ्याच कुणाची तरी गाडी चालवतोय असं वाटत राहिलं.

सासूबाई ओसरीवर रस्त्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकल्या.

"कवा आलात? सकाळधरनं कान लावून बसलेय. मंगल म्हनायची, पंख्याचा आवाज आला की आधण ठेवायचं. माझं आधण ऱ्हायलंच की वो."

जेवण उरकून त्यांना घेऊन निघालो.

परतताना चाकणला दिवेलागण. वाहतूक ठप्प. उभ्या गाडीत पंखा थांबेना, त्यात हेडलाइट लावलेले. दिवे पिवळे पडत गेले, आणि एकदा बंद पडलेली जीप स्टार्टरने चालू होईना. पंखा आणि दिवे दोन्हींना वीज द्यायला अल्टरनेटर पुरा पडला नाही, बॅटरी उतरली. शिफ्ट सुटलेले दोघे जण धक्का द्यायला आले.

"काका, आजींना बसू द्या, पण तुमी तरी उतरा."

सासूबाईंनी आतूनच सांगितलं, "ढकला रं. कंपनीत जेवलाव ना पोटभर?"

हसत हसत ढकलली त्यांनी, मी बसल्या जागी क्लच सोडला. चालू झाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घरी ठेवून एकटाच चाकणच्या भंगार बाजारात गेलो. पट्ट्यावर फिरणारे पंखे एका कोपऱ्यात ढिगाने पडलेले. मी एकेक उचलून टांगून धरला आणि प्रत्येक पात्यावर पान्याने टिचकी मारून ऐकत गेलो. शाबूत पातं खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द बोलतं.

दुकानदार वैतागला. "भाऊ, पंखा घेताय का पेटी?"

सहा पात्यांचा एक मनाजोगता वाजला. त्याच्याभोवतीचं गोल कव्हरही घेतलं. माझ्या जीपचं कुणीतरी कधीच काढून टाकलं होतं, आणि त्याशिवाय पंखा इकडचीच हवा तिकडे करत बसतो. चिरलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नका. सुटलं तर रेडिएटर फाडून जातं. बसवताना पात्यांचा बाक आधी होता त्याच बाजूला ठेवा. गावात बंपरला बंपर चालवणार असाल तर इलेक्ट्रिकच बरा, पण अल्टरनेटरही बदला.

भोसरीत पंखा बसवून संध्याकाळी घरी निघालो. कोपरा वळलो. घरघर.

आत पाऊल टाकलं तर आल्याचा वास. ओट्याशी मंगलचा पदर... नाही, तिच्या आईचा. पातेल्यात उकळी आलेली.

"या जावईबापू. आयकू आलात."

सासूबाई आठवडाभर राहिल्या. रोज चहा तयार असायचा. मग त्यांना जनावरांची काळजी लागली आणि पोचवून आलो. घाटात पाणी उकळलं नाही, पंखा चोख निघाला.

हल्ली कोपऱ्यावर मी गिअर जरा उशिराच बदलतो. इंजिन तेवढं ताणलं, की आवाज नीट घरात जातो. मग उतरून कुलूप काढतो.