कागदाची ऊब

शाळेत तिला सगळे बाटलीमावशी म्हणत, आणि बाटल्या जाऊन खोकी आली तरी नाव काही बदललं नाही. पोरांना दुसरं सुचलं नसावं, मोठ्यांना तेवढी गरज वाटली नसावी. दुधाच्या काचेच्या बाटल्या होत्या तेव्हा ती मागच्या खोलीत त्या धूत असे. सोड्याचं कढत पाणी आणि त्यात कोपरापर्यंत हात. पलीकडच्या खोलीत तिचा नवरा बॉयलरमध्ये कोळसा घाली. त्याने भिंतीवर थाप मारली की समजायचं, पाणी तापलं. संसार असा भिंतीच्या दोन बाजूंना चालला होता आणि तिला तो बरा वाटायचा. घरी जाताना तो तिचे ऊन ऊन हात आपल्या हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "ही माझी शेगडी."

पुढे कोळशाने त्याची छाती खाल्ली. आधी जिना चढताना धाप लागायची, मग बसल्या बसल्या लागू लागली आणि तो घरीच बसला. त्याच सुमारास मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सभेत सांगितलं की काच जड, ती वाहायला ट्रक लागतात, धुवायला कोळसा लागतो, सगळा धूरच धूर. आता दूध कागदी खोक्यात येणार. बाटलीमावशीने मनापासून टाळ्या वाजवल्या. धुराशी तिचं हाडवैर होतं.

तिचं काम तेवढं बदललं. रिकामी खोकी विसळायची, चपटी करायची, गठ्ठे बांधायचे. बॉयलर बंद, त्यामुळे पाणी नळाचं, गारढोण. गठ्ठे कागदाच्या कारखान्यात जायचे होते, पण कारखान्याने पहिलाच ट्रक आल्या पावली परत पाठवला. का, ते कुणी विचारलं नाही. मागच्या खोलीत गठ्ठे छताला टेकले, आंबूस वास सुटला, तेव्हा कारकुनाने हात झटकले.

"मावशी, घरी न्या की. पेटवायला होतील."

"चालतील ना हो? आत भलतंसलतं काही नाही ना?"

"अहो, कागदी खोकी म्हणतात त्यांना. कागदी! आणखी काय हवं?"

थंडी त्या वर्षी हाडं फोडत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती उबेत ठेवा आणि लाकडाचा धूर अजिबात नको. खोली एक, शेगडी एक. हे दोन्ही कसं जमवायचं ते मात्र सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, देवच पावला. खोकी धडधडून पेटत, डोळे चुरचुरत नसत, आणि मेणबत्तीसारखा जो वास यायचा तो तिला आवडायचासुद्धा. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ती खिडकी घट्ट लावून घेई. राखेत चंदेरी कपटे सापडत. नवरा ते तळहातावर घेऊन बघे.

"अगं, चांदी निघतेय. पैंजण करून घे."

"या वयात पैंजण घालून नाचू कुठे?"

"माझ्यापुढे नाच. मी कुठे पळून जातोय?"

हसता हसता त्याला ढास लागे. ती ढास दिवसेंदिवस वाढत गेली. थंडीच बाधतेय, असं म्हणून ती आणखी एक खोकं आत सारी.

मग एके दिवशी विज्ञानाच्या बाईंनी वर्गात पाण्याची बादली मागवली. बादलीत खोकं भिजत घातलं आणि मुलांना त्याचे पदर सोलायला लावले. मावशी बादली परत न्यायला दाराशी थांबली होती.

"बाई, आत प्लास्टिक आहे!" एक मुलगी ओरडली. "आणि त्याच्या आत चांदी!"

"चांदी नाही, ॲल्युमिनियम. म्हणूनच कारखाना ही खोकी घेत नाही."

"मग जाळून टाकायची ना?"

"छे! फार वाईट धूर होतो. थेट छातीत जातो." एवढं बोलून बाई फळ्याकडे वळल्या आणि काच बरी की खोकं बरं, हात वर करा, म्हणाल्या. मुलं हिरिरीने भांडू लागली.

मावशीच्या डोळ्यांपुढे घरची शेगडी आली. आपल्याच हातांनी, रोज, खिडकी लावून! कारकुनाचा राग आला, मोठ्या बाईंचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. राखेतली ती चांदी तिने रोज डोळ्यांनी बघितली होती. बादली तिथेच ठेवून ती घरी निघाली.

घरी येऊन तिने आधी खिडकी सताड उघडली. नवरा पांघरुणातून म्हणाला, "वेड लागलं का? शेगडी पेटव आधी."

तिने काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे निम्मा बाटलीने खाल्ला, उरलेला खोक्याने," तो म्हणाला. "पोरांना घोटभर दूध पाजायचं तर मला खाल्ल्याशिवाय यांचं भागतच नाही."

या वेळी तिला हसू आलं नाही. ती तोंडात पदर कोंबून रडली.

"रडू नकोस. पेटव. हात गारठलेत गं माझे."

"नाही पेटवणार."

"मग काकडून मरू?"

तिने खिडकी लावली, घरात होतं नव्हतं ते सगळं त्याच्या अंगावर घातलं आणि शेजारी बसून त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळू लागली. दिवसभर नळाखाली खोकी विसळलेले हात ते. त्याने हळूच आपले हात सोडवून घेतले.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझेच जास्त गार आहेत."