पार्सलच्या तोंडातून काय काय निघालं

ज्यांनी कोवळ्या वयाचं कुत्रं फिरवलंय त्यांना किस्से आठवावे लागत नाहीत. आमच्या लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात बेवारस गाठोडी साठायची तसे ते साठतात. कोणी न्यायला येत नाही आणि फेकवतही नाहीत.

हे कुत्रंही तसंच आलं. कोळशाच्या इंजिनांचे, इंग्रजांच्या राज्यातले दिवस. मुंबईहून एका साहेबाच्या नावावर टोपली आली, पण साहेब आदल्याच आठवड्यात विलायतेला गेलेला! शेवटी मी, म्हणजे पार्सलबाबूनं, ते पिल्लू घरी नेलं. नाव पार्सलच पडलं.

रस्त्यावर पडलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठीच वाढून ठेवलीय, असा त्याचा समज. साबणाची वडी, एरंडाच्या बिया, इंजिन पुसलेल्या तेलकट चिंध्या. चिंध्या खाल्ल्या तेव्हा तीन दिवस ओकत होता. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असलं काही पोटात गेलं तर माझ्याकडे आणू नका. खड्डा खणा!"

लोक लोणावळ्याला डोंगर बघायला येतात. मी चार महिने फक्त जमीन बघितली. फार थकलो होतो हो!

*

शेजारचे कासमचाचा इंजिनात कोळसा टाकणारे रिटायर्ड फायरमन. गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर ओट्यावर. माझी ओढाताण बघून म्हणाले, "बाबू, त्याच्या तोंडात बोटं घालून किती दिवस काढणार? सौदा करा. 'टाक' म्हणा. टाकलं की त्याहून चांगलं काहीतरी द्या. पण द्यायचंच! एकदा फसवलंत तर जन्मात टाकणार नाही."

"आणि खिशात काही नसलं तर?"

"तर म्हणू नका!"

सुक्या बोंबलाचे तुकडेही त्यांनीच दिले.

*

आमच्या घरात बोंबील म्हणजे प्रलयच. बायकोचं सोवळं कडक. कुत्र्याला ती शिवत नसे, त्याचं नावसुद्धा घेत नसे. "ते आलं का फिरून?" एवढंच. म्हणून बोंबील माझ्या कोटाच्या खिशात.

एकदा रेल्वेचा मोठा साहेब तपासणीला आला. ऑफिसात शिरला आणि नाकाला रुमाल लावून ओरडला, "बाबू, मासळीची टोपली फुटलीय. शोधा!"

मी तासभर सगळी पार्सलं उपसली. सापडणार कशी? मी जिकडे जाईन तिकडे वास! शेवटी साहेबानं वहीत शेरा मारला, 'वास सर्वत्र आहे.'

त्या दिवशी बायकोनं कोट पेरूच्या झाडावर टांगला. दुसऱ्या दिवसापासून ती तूप लावलेली एक पोळी जास्त करू लागली. "तुमच्यासाठी आहे," म्हणायची. कोणासाठी ते तिलाही माहीत होतं.

*

पोळी पार्सलला बोंबलाहून आवडली. पंधरा दिवसांत तो पक्का व्यापारी झाला. दगड, खिळा, कोणाची तरी चप्पल उचलायची आणि माझ्यासमोर येऊन बसायचं. एका फेरीत अकरा सौदे! डब्यातली माझी पोळीही संपायची.

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे शिकवून झालं म्हणायचं."

"त्याला, की मला?"

चाचा हसले आणि विडी पेटवत बसले.

*

लोहगडवाडीहून पारूमावशी दूध घालायला यायच्या. त्यांच्या सुनेला ताप होता म्हणून त्यांनी आमच्या घरासमोरच्या तिठ्यावर उतारा ठेवला. भात, अंडं, लिंबू. मी 'टाक' म्हणेपर्यंत पार्सलनं लिंबू सोडून सगळं संपवलं!

मावशींनी कपाळाला हात लावला. "भाऊ, आता ताप ह्याला यील बगा!"

रात्रभर मी त्याचं नाक चाचपत जागा. त्याला काही झालं नाही, मला मात्र सर्दी झाली. आठवड्यानं मावशी आल्या त्या हसतच. "सून उठली की! लय गुणाचं कुत्रं तुमचं. माजी बी कंबर धरलीया. उतारा ठेवते, ह्याला सोडाल का येक दिवस?"

*

मग श्रावण आला. मोकाट कुत्री फार झाली होती. दवंडी झाली की शुक्रवारी सकाळी रस्त्यावर विषाचे गोळे पडतील, आपापली कुत्री बांधा. मी पार्सलला दोन गाठी मारून बांधलं आणि ड्यूटीवर गेलो.

दुपारी पार्सल ऑफिसच्या दारात कासमचाचा उभे! ओटा न उतरणारा माणूस काठी टेकत स्टेशनवर आलेला.

"जिवंत आहे," ते आधी म्हणाले. मग एका ट्रंकेवर बसले.

"पारूमावशीनं सोडला. कंबरेचा उतारा ठेवला होता तिनं तिठ्यावर. वाडीवर दवंडी कुठली पोचायला? तुमच्या पार्सलनं उतारा राहू दिला आणि कडेचा गोळा उचलला. मी ओट्यावरून ओरडलो, 'टाक!' त्यानं माझ्याकडे बघितलं. माझे हात रिकामे. नाही टाकला."

"मग?"

"वहिनी देवळात निघाल्या होत्या. सोवळ्यात. हातात पुरणपोळीच्या नैवेद्याचं ताट. तशाच चिखलात बसल्या, ताट त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, 'पार्सल, टाक.'"

संध्याकाळी घरी गेलो. पार्सल पोट वर करून पडवीत झोपला होता. बायको न्हाऊन ओलं लुगडं वाळत घालत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी म्हटलं, "अगं, गोळा खाली पडल्यावर ताट उचलून घ्यायचंस. देवीचा नैवेद्य होता."

"असं कसं?" ती म्हणाली. "त्यानं टाकलं होतं ना!"